नवरा ४४ वर्षांचा, ‘मला काही होत नाही’ म्हणतो. कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर ४४ वर्षांचे, चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, बराचसा वेळ कॉम्प्युटरसमोर. सासरे ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. सासूबाईंना शुगर आहे. मिस्टर दिवसातून चार-पाच वेळा मावा खातात, पोट सुटलंय, व्यायाम नाही. शेवटचं रक्त तपासलं ते नोकरीला लागताना. आता कंपनीतर्फे ८६ चाचण्यांचं ‘फुल बॉडी चेकअप’ सवलतीत मिळतंय. ते घ्यावं का, पुरुषांनी कोणत्या वयात काय तपासावं, आणि ‘मी ठणठणीत आहे’ म्हणणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं नंतर. ते पॅकेज घेतलं नाही तरी काही बिघडणार नाही. पण या आठवड्यात त्यांचं बीपी मोजा, कंबर मोजा आणि तोंड आतून बघून घ्या. त्यानंतर उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत जीव वाचवणारं जे काही आहे, ते जवळजवळ सगळं एवढ्यात येतं. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टींना सुईसुद्धा लागत नाही.

बीपीपासून सुरुवात करतो, कारण इथे माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्या गावात एक शिक्षक होते. त्यांच्या पत्नीला संधिवात. दर महिन्याला ते तिला स्कूटरवरून घेऊन यायचे, बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, औषधांची चिठ्ठी हातात घ्यायचे, नमस्कार करायचे आणि जायचे. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, ‘सर, जरा दंड पुढे करा.’ ४९व्या वर्षी त्यांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. घरच्यांनी आणलं तेव्हा बीपी होतं २२०/१२०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ते वाचले, पण बोलणं गेलं, आणि ज्या माणसाचं पोट बोलण्यावर होतं त्याचं बोलणं गेलं म्हणजे काय होतं ते मी पुढची सहा वर्षं पाहिलं. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात नियम आहे: बायकोबरोबर, आईबरोबर, पोराबरोबर जो कोणी पुरुष येईल, त्याचं बीपी मोजल्याशिवाय त्याला परत पाठवायचं नाही. सिस्टर आधी पट्टा बांधतात, मग केस पेपर विचारतात. दर महिन्याला अशी दोन-तीन माणसं तरी सापडतात, ज्यांना आपलं बीपी वाढलंय याची कल्पनाही नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यावर औषध चालू होतं. म्हणजे साधारण दर चौघांत एक. आणि वाढलेलं बीपी दुखत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं असेल, चक्कर आली की कमी झालं असेल, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. मोजल्याशिवाय कळत नाही, एवढंच खरं.

मोजायचं मात्र नीट. माणूस जिना चढून आला, लगेच पट्टा बांधला आणि १५० आलं, तर तो आकडा त्याचा नाही, जिन्याचा आहे. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड छातीच्या पातळीला आणि टेबलावर टेकलेला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, सिगारेट नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं, त्यानेही आकडा चढतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यावर बीपी खोटं जास्त येतं. मोजताना गप्पा नाहीत. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर येत राहिलं, तर ते वाढलेलं. घरच्या मशिनवर ही रेषा १३५/८५ धरायची. मनगटावरचं मशिन घेऊ नका, दंडावरचं घ्या. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलेले आकडे वहीत लिहून आणलेत, तर डॉक्टरला दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

आता कंबर. तुम्ही लिहिलंय की पॅन्ट ३८ची लागते. पॅन्टचा नंबर धरू नका, पुरुष पॅन्ट पोटाखाली घालतात. शिवणकामाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची मर्यादा धरतात, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत. तुमच्या मिस्टरांची ९५च्या पुढेच भरेल असा माझा अंदाज आहे.

कंबरेवर एवढा भर का, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली आपला एकत्र फोटो लॅन्सेट या नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं वजनकाट्यावर बारीक दिसतात आणि चरबी आत, पोटात, यकृताभोवती साठलेली असते. म्हणून ‘आमच्या घरात सगळे काटक आहेत’ हे ऐकून मी कधी निर्धास्त होत नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा बांधा मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो.

शुगरचा धोका घरबसल्या मोजायची एक सोपी पद्धत आहे, चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने आपल्याच लोकांवरच्या अभ्यासातून बनवलेली. तुमच्या मिस्टरांचीच करून दाखवतो. वय ३५ ते ४९, त्याचे २० गुण. कंबर ९० ते ९९, त्याचे १०. व्यायाम नाही आणि काम बैठं, त्याचे ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह, त्याचे १०. बेरीज ७०. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे जोखीम मोठी, रक्त तपासायलाच हवं. यातले वय आणि आई सोडले तर बाकीचे ४० गुण त्यांच्या हातात आहेत. रोज नेमाने व्यायाम सुरू केला की त्या तिसातले दहा कमी होतात, कंबर नव्वदच्या आत आली की आणखी दहा. हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. कारखान्यातल्या माणसाला आकडे पटतात, उपदेश पटत नाही.

उपाशीपोटी शुगर १००च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि पुढे म्हणजे मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची. एचबीएवनसी ५.७च्या आत चांगलं, ६.५ आणि पुढे मधुमेह. एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण ती रिपोर्टवर छापलेली नसते. रक्त कमी असेल किंवा सिकलसेलसारखा आजार असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो. विदर्भातल्या आणि नंदुरबार भागातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. त्यांच्यासाठी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची शुगर जास्त भरवशाची.

हृदयाकडे वळतो, कारण तुमची खरी भीती तीच आहे, आणि ती रास्त आहे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर आम्ही त्याला घराण्यातली जोखीम म्हणतो. सासरे ५२व्या वर्षी गेले. मिस्टरांना आता ४४ चालू आहे. शिवाय दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दिसलंय. म्हणून ‘पन्नाशीनंतर बघू’ हे त्यांना चालणार नाही.

पण हृदयाची तपासणी म्हटलं की लोक ईसीजी काढतात, आणि इथे मोठी फसगत होते. ईसीजी त्या क्षणी हृदयात काय चाललंय ते दाखवतो. रक्तवाहिनी साठ टक्के चोंदलेली असली तरी आरामात झोपलेल्या माणसाचा ईसीजी अगदी सरळ येऊ शकतो. नॉर्मल ईसीजीचा कागद खिशात ठेवून छातीतली जळजळ ‘ॲसिडिटी’ म्हणून चार दिवस काढलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्याला काहीच त्रास नाही त्याची उगाच ट्रेडमिल टेस्ट करूनही फार हाती लागत नाही, उलट खोटी पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफीपर्यंत धावपळ होते. चढावर धाप लागणं, चालताना छाती भरून येणं असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायचं. त्रास नसेल तर लिपिड प्रोफाइल पुरतं, आणि त्यातही टोटल कोलेस्टेरॉलपेक्षा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बघा. एलडीएल १९०च्या वर असेल तर तो बहुधा घराण्यातून आलेला दोष असतो, नुसतं तेल-तूप कमी करून तो आटोक्यात येत नाही. वडील इतक्या लवकर गेले असल्याने लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तवाहिन्यांना त्रासदायक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. तो आकडा बहुतांशी जन्मजात असतो, दरवर्षी करायची गरज नाही. हे सगळं बघूनही गोळी द्यावी की नाही असा पेच पडला, तर सीटी स्कॅनवर हृदयाच्या वाहिन्यांतलं कॅल्शियम मोजता येतं. ते डॉक्टर ठरवतील.

एक गोष्ट बायका विचारत नाहीत आणि पुरुष सांगत नाहीत. लिंगाला पूर्वीसारखी ताठरता न येणं. पुरुष याला कमीपणा समजतात, जाहिरातीतल्या गोळ्या गुपचूप घेतात. पण चाळिशी-पन्नाशीत हे नव्याने सुरू झालं असेल, तर तो बऱ्याचदा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तक्रार करतात, कधी कधी हृदयाच्या त्रासाच्या दोन-चार वर्षं आधी. माझ्याकडे हे सांगायला येणाऱ्या प्रत्येकाचं मी बीपी, शुगर, लिपिड तपासतो, आणि अनेकदा काही ना काही सापडतं. तुमच्यात मोकळं बोलणं असेल तर विचारा. डॉक्टरांना सांगायला लाजू नका म्हणावं, आमच्यासाठी ती खोकल्यासारखीच एक तक्रार आहे.

आता तोंड. ‘मावा’ हा शब्द वाचल्याबरोबर मी तिथेच थांबलो, तुमचा बाकीचा मजकूर नंतर वाचला.

आपल्या देशातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३८ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले, आणि ३० ते ४९ वयाच्या पुरुषांत तोंडाची तपासणी कधी झाली आहे असे शंभरात जेमतेम एक. आणि हा कॅन्सर तर डोळ्यांना दिसतो! आतड्याचा, फुप्फुसाचा लपलेला असतो, हा टॉर्चच्या उजेडात समोर असतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून साध्या प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. मोठं मशिन नाही, रक्त नाही. टॉर्च, हातमोजे आणि बघणारा डोळा.

सहा-सात वर्षांपूर्वी एक ट्रकचालक लायसन्सच्या नूतनीकरणासाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला आला. चाळीस-एक्केचाळीस वर्षांचा, धट्टाकट्टा. सही करा, गाडी लावून आलोय म्हणाला. मी तोंड उघडायला सांगितलं. उघडेना. त्याचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली, दोनच गेली. म्हणाला, ‘दाढेमुळं असंय, वर्ष झालं.’ तिखट झोंबतं का विचारलं तर म्हणाला, बायको आता भाजी वेगळी काढते. गाल बोटाने बाहेर ओढून टॉर्च मारली. आतली कातडी पांढरट, दोरीसारखी ताठ झालेली, आणि खालच्या हिरडीशी, जिथे तो मावा दाबून ठेवायचा बरोबर तिथे, रुपयाएवढा लालसर खरखरीत चट्टा. दुखत नव्हता. दुखत नव्हता म्हणूनच तो आला नव्हता. त्याला मी बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात पाठवलं. तिथे टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ पासून ग्रामीण कॅन्सरची नोंदणी चालते, आमच्या भागाला तो मोठा आधार आहे. गाठ लहान होती, गळ्यात पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. आज तो गाडी चालवतो, आणि आमच्या दवाखान्यात येताना स्टॅंडवरचा एखादा तंबाखूवाला क्लीनर धरून आणतो.

तुम्ही हे घरी करू शकता. उजेडात बसवा, चूळ भरायला सांगा. ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खाली, टाळू. पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गळ्याशी गाठ, तीन बोटं न मावणं, यातलं काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ‘बी-कॉम्प्लेक्स घेऊन बघू’ म्हणत महिना घालवू नका. आणि ‘मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो’ असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती निश्चित कारणांच्या यादीत घातलेली आहे. तोंड आखडण्याचा आजार तर मुख्यतः सुपारीचाच. मावा खाणाऱ्याचं तोंड दर सहा महिन्यांनी बघायचं, आणि सुटल्यानंतरही काही वर्षं बघत राहायचं.

तुमच्या ८६ चाचण्यांच्या पॅकेजबद्दल. रिपोर्टवर जी ‘नॉर्मल’ची हद्द छापलेली असते, ती साधारण अशी ठरवतात की निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांचे आकडे तिच्या आत येतील. म्हणजे निरोगी शंभरांतले पाच मुळातच हद्दीबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचीही एखादी तरी ठळक अक्षरांत बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. ८६ केल्या तर काही ना काही ठळक छापलेलं येणारच. मग तो कागद घेऊन माणूस डॉक्टरांकडे येतो, आणि ज्याचा उपयोग नव्हता त्या आकड्यामागे सगळे लागतात. मागच्याच वर्षी ४६ वर्षांचे एक दुकानदार सीए १९-९ थोडं वाढलेलं घेऊन आले. पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून घातलं होतं. सोनोग्राफी, सीटी, दुर्बिणीची तपासणी, दोन महिने झोप नाही, मुलीचं लग्न पुढे ढकलायचा विचार. काही निघालं नाही. आणि या सगळ्यात त्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरचं एलडीएल १७८ कोणी पाहिलंच नव्हतं. लक्षणं नसलेल्या माणसाची सीईए, सीए १९-९ अशी तपासणी कॅन्सर शोधण्यासाठी करू नये. मार्कर नॉर्मल आल्याने कॅन्सर नाही असंही ठरत नाही.

कंपनी फुकट देत असेल तर रक्त द्या, काही हरकत नाही. पण निकालातून वर सांगितलेले आकडे बाजूला काढा आणि बाकीचे ठळक अक्षरांतले आकडे स्वतः गूगलवर शोधू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. खिशातून पैसे भरणार असाल तर मोजक्याच तपासण्या करा. प्रतिबंधक तपासणीचा पाच हजारांपर्यंतचा खर्च, जुनी करप्रणाली निवडली असेल तर, प्राप्तिकरात आरोग्य विम्याच्या वजावटीच्या एकूण मर्यादेत धरता येतो. पावती जपून ठेवा. आणि पैशाचीच अडचण असेल तर ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी सरकारी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. आशाताई घरी एक फॉर्म भरायला येतात, त्यात कंबरही विचारतात. त्यांना ‘साहेब ड्युटीवर आहेत’ म्हणून परत पाठवू नका, रविवारी बोलवा. बायका घरी भेटतात, पुरुष भेटत नाहीत, म्हणून पुरुषांचे फॉर्म कोरे राहतात. राज्य सरकारने २०२३ मध्ये अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी वेगळी तपासणी मोहीम काढली होती, ती याच अडचणीवर.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या पीएसए या रक्ततपासणीबद्दल बरेच जण विचारतात. तुमच्या मिस्टरांना आत्ता गरज नाही. वडील किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ४५पासून, नाहीतर ५०–५५नंतर डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, आणि सत्तरीनंतर सरसकट करायची नाही. ‘बोलून’ म्हणतो त्याला कारण आहे. पीएसए कॅन्सरने वाढतं तसं वयाने नुसतं मोठ्या झालेल्या प्रोस्टेटने, लघवीच्या संसर्गाने, अगदी आदल्या दिवशीच्या शरीरसंबंधाने किंवा लांब सायकल चालवल्यानेही वाढतं. उलट प्रोस्टेटची फिनास्टराइड ही गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो. शिवाय या वयातले बरेचसे कॅन्सर इतके मंद असतात की ते सापडले नसते तरी त्या माणसाचं आयुष्य तेवढंच आणि तसंच गेलं असतं. सापडले म्हणून ऑपरेशन होतं, आणि मग लघवी न थांबण्याचा किंवा ताठरतेचा त्रास मागे लागतो. दुसरीकडे काहींचा वेळेत सापडल्याने जीवही वाचतो. हे दोन्ही कानावर घालूनच माणसाला निवडू द्यायचं. रात्री चार वेळा उठणं, धार बारीक होणं ही बहुतेक वेळा वाढलेल्या प्रोस्टेटची लक्षणं, कॅन्सरची नव्हेत, पण दाखवायची जरूर.

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे त्याचं निदान आधीच झालेलं असतं: मूळव्याध. पानपट्टीवरच्या चुर्णापासून गावठी उपायांपर्यंत सगळं होतं आणि वर्ष-दोन वर्षं जातात. चाळिशीनंतर शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल, कारण नसताना रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर किमान एकदा डॉक्टरांनी बोटाने तपासायलाच हवं, आणि गरज पडली तर कोलोनोस्कोपी. अमेरिकेत आता ४५व्या वर्षापासून सगळ्यांची आतड्याची तपासणी करतात. आपल्याकडे त्या कॅन्सरचं प्रमाण कमी असल्याने तशी सरसकट मोहीम नाही. घरात आई-वडील-भावंडांपैकी कोणाला झाला असेल तर मात्र चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगतो. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही आयुष्यात एकदा तरी. बी निगेटिव्ह असेल तर लस. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि पडदा दोन वर्षांतून एकदा, काचबिंदू शेवटपर्यंत कळत नाही. शुगर किंवा बीपी निघालं तर लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी. वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढलेल्याने पन्नाशीनंतर फुप्फुसाच्या कमी किरणांच्या सीटीबद्दल विचारावं. पासष्टीनंतर पोटाची एक सोनोग्राफी, महाधमनी फुगली नाही ना हे बघायला. तरुण मुलाला अंडकोषात न दुखणारी गाठ लागली तर त्याच आठवड्यात सर्जन. जोरजोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं असेल तर झोपेची तपासणी. बीपी औषधाने न उतरण्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं.

मनाबद्दल मात्र घाई करत नाही. देशात होणाऱ्या दर दहा आत्महत्यांत सात पुरुष असतात. पुरुष ‘उदास वाटतं’ असं म्हणत नाही. तो चिडतो, पिणं वाढतं, झोप जाते, पाठ दुखते म्हणून येतो. मी आता चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला बीपीचा पट्टा सोडता सोडता दोन प्रश्न विचारतो: गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागेना असं झालं का, आणि सगळं निरर्थक वाटतं का. पट्टा सोडताना माणूस खाली बघत असतो, त्यामुळे उत्तर देणं सोपं जातं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता त्यांना न्यायचं कसं. ‘तुमच्या वडिलांसारखं होईल’ असं म्हणू नका. ज्या मुलाने ५२व्या वर्षी बाप जाताना पाहिला, त्याला ती भीती आधीच आहे. तो टाळतो ते बेफिकिरीने नव्हे, रिपोर्टमध्ये तेच निघेल या धास्तीने. त्यांना सांगा की बीपी, कोलेस्टेरॉल वेळीच कळलं तर ते आटोक्यात ठेवणाऱ्या स्वस्त गोळ्या आज आहेत. सासऱ्यांना ती संधी मिळाली नाही. बीपीचं मशिन घरी आणा आणि आधी स्वतःचं मोजा, मग मुलांचं कुतूहल म्हणून, मग त्यांचं. दोघांची रक्ततपासणी एकाच सकाळी ठरवा. तुम्हालाही चाळिशीनंतरच्या तपासण्या हव्याच आहेत. सेकंड शिफ्टचा आठवडा निवडा, म्हणजे रजा लागत नाही. दवाखान्यात त्यांना एकट्याने डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. काही प्रश्न पुरुष बायकोसमोर विचारत नाही.

सगळं चांगलं आलं तर बीपी, कंबर आणि शुगर दरवर्षी, लिपिड दोन-तीन वर्षांनी, तोंड सहा महिन्यांनी. काही वाढलेलं आलं तर रिपोर्ट कपाटात ठेवू नका. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट केसेसमध्ये तपासणी झालेली होती, कागद फायलीत होता, पुढे कोणी गेलं नव्हतं. जाताना सासऱ्यांचे जुने कागद असतील तर सोबत घ्या, अटॅकच्या आधी त्यांना शुगर किंवा बीपी होतं का ते त्यात सापडेल.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की धाकटे दीर ३८ वर्षांचे, तालमीत जाणारे, त्यांची काळजी नाही. त्यांनाही त्याच दिवशी सोबत न्या. वडील त्यांचेही तेच होते.